सहा ठिपके, चिमूटभर हळद

"बोलतो का?" हा प्रश्न वामनराव परतूरकरांना विचारायचा नसतो हे जालन्यातल्या साऱ्या कादराबादेला ठाऊक होतं, आणि म्हणूनच सारं कादराबाद तो विचारत असे. दूधवाला विचारी. देवळात निघालेल्या बायका खिडकीशी थांबून विचारीत. एकदा तर तपासणीला आलेले रेल्वेचे साहेब चहा पिता पिता विचारून गेले.

"न्हाई बोलत," वामनराव म्हणत. "बोलणारे पुष्कळ हायेत गावात."

त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला. "मंग मोठा झाल्यावर बोलंल?"

"हा मोठाच आहे!"

इथपर्यंत वामनरावांचा आवाज कुंडलिका नदीच्या पलीकडे पोचलेला असे.

वामनराव जालना स्टेशनावर पार्सल कारकून होते. नोकरीत त्यांना कधी राग येत नसे. तिथे लोक आधीच रागावून आलेले असत, आणखी रागाला जागाच उरत नसे. आपला राग त्यांनी घरासाठी, म्हणजे बजरींसाठी राखून ठेवला होता. बजरीगार हे त्या पाखराचं पुरतं नाव. मूळचं ऑस्ट्रेलियाचं, शेपटी धरून वीतभर. गाव त्याला 'लवबर्ड' म्हणे, 'पोपटाचं पिल्लू' म्हणे, आणि कोणी बजरी हे नाव ऐकून कौतुकाने मूठभर बाजरी घेऊन येई. वामनरावांच्या घरची बजरी बाजरीला चोच लावत नसे. ती राळे खाई. ह्या मुद्द्यावरून वामनरावांनी चांगले चांगले मित्र गमावले होते.

पाखरं त्यांच्याकडे आली ती पार्सलातूनच. पोलीस ॲक्शन होऊन काही महिने झाले होते. हैदराबादेहून एक पिंजरा आला, आत हिरव्या बजरींची जोडी. ज्या साहेबांच्या नावावर पिंजरा होता ते जालना सोडून गेले होते. कुठे, ते त्या दिवसांत कोणी कोणाला विचारत नसे. पिंजरा पार्सल ऑफिसात पडून राहिला. बेवारस मालाचे नियम होते, पण ते सारे माल गप्प बसतो असं धरून केलेले होते. हा माल पहाटेपासून किलबिलत होता आणि त्याला खायला लागत होतं. शेवटी वामनरावांनी त्याची नोंद 'नाशवंत' ह्या सदरात केली, स्वतःच लिलाव पुकारला, स्वतःच बोली लावली आणि आंब्याच्या करंड्यांच्या सोबतीनं पिंजरा घरी आणला.

"दोन दिवसांत मरतील," पिंजरा पाहून रमाबाई म्हणाल्या. त्या वामनरावांच्या पत्नी, आणि घरातलं शेवटचं मत त्यांचं असे.

पाखरं मेली नाहीत. वामनरावांनी आडोशाला भोक पाडलेलं मडकं टांगलं, मादी आत जाऊन बसली, आणि मग मडकी वाढत गेली. ओसरी भरली, माजघराची खिडकी गेली, रमाबाईंचं लोणच्याच्या बरण्यांचं फडताळ गेलं. राळ्याचा कोंडा ताकात पडू लागला. रमाबाई पाहुण्यांना आधीच सांगून ठेवत, "वर तरंगतंय ते जिरं न्हाई."

आणि मग एका मडक्यातून एक निळं पिल्लू निघालं.

आई हिरवी, बाप हिरवा, आणि पोर आभाळासारखं निळं. तोंड तेवढं पांढरंशुभ्र. आळीत चर्चा झाली. शेजारच्या साळूबाईंनी मादीच्या वागणुकीबद्दल हलक्या आवाजात शंका काढली. वास्तविक साऱ्या जालन्यात दुसरी निळी बजरी नव्हती, त्यामुळे संशय कोणावर घ्यायचा हाही प्रश्नच होता. वामनरावांनी साळूबाईंना ओसरीवर बसवून समजावलं की रंग दोन पिढ्या रक्तात लपून राहतो आणि मग वर येतो, मादी निर्दोष आहे. साळूबाई म्हणाल्या, "असंल बाबा." पण त्या दिवसापासून त्या मादीकडे बघून मान हलवीत.

त्या निळ्यापासून वामनरावांच्या आयुष्याला काम लागलं. स्टेशनमास्तरांकडे पडलेल्या जुन्या इंग्रजी मासिकांत त्यांना एक चित्र सापडलं होतं : विलायतेतली, प्रदर्शनात पहिली आलेली बजरी. डोकं रुंद आणि गोल. पाठ दांडीवर बसल्यावर सरळ रेघेत. आणि पांढऱ्या गळ्यावर सहा काळे ठिपके, मण्यांसारखे, सारखे. बाहेरचे दोन गालांखाली अर्धे झाकलेले. वामनरावांच्या पाखराचं डोकं सुपारीएवढं आणि ठिपके म्हणजे कोणी शाई झटकलेली. त्यांनी चित्र भिंतीला लावलं, आणि जालन्यात बसून ते पाखरू घडवायला घेतलं. चांगल्या डोक्याची मादी, चांगल्या पाठीचा नर, त्यांची पिलं, पिलांतली निवड, पुन्हा मडकं. हिरवी निघतील ती वाटून टाकायची. असं करता करता त्यांचे स्वतःचे केस गेले.

ह्या उद्योगातला त्यांचा एकच सोबती म्हणजे महेमूदमियाँ. महेमूदमियाँ तारेचं काम करीत; गाळण्या, उंदराचे सापळे, आणि आता पिंजरे. वाटलेल्या हिरव्या पिलांतली बरीचशी त्यांच्याकडे गेली होती. तेही बजरी वाढवीत, पण कोणाची जोडी कोणाशी लागते ह्यात ते लक्ष घालत नसत.

"खिचडी करून राह्यले तुम्ही," वामनराव ओरडत.

"खुश हैं ना वो दोनों? बस." महेमूदमियाँ पक्कड बाजूला ठेवत. "आप निकाह लगाते हैं, वामनराव, हम तो बस दावत देते."

दोघांचं रोज भांडण होई, आणि ज्या दिवशी होत नसे त्या दिवशी एकजण आजारी आहे असं लोक समजत.

सत्तावन साली जालन्यात शेतकी आणि पशुपक्ष्यांचं प्रदर्शन भरलं. जिनिंगच्या मैदानावर मांडव पडला. सरकीचे व्यापारी बद्रीनाथशेठ समितीचे चिटणीस होते; त्यांना बैलांतलं कळत असे आणि बैलांखालच्या जनावरांबद्दल ते उदार होते. वामनरावांनी आपला त्या वेळचा सर्वांत चांगला निळा नर नेला. पक्ष्यांचा वर्ग एकच होता, 'कोंबड्या व इतर'. परीक्षकांनी तराजू मागवला.

निकालाचा कागद वामनरावांनी जन्मभर फाडला नाही, रागाला ताजं ठेवण्यासाठी. त्यावर लिहिलं होतं : 'वजन नगण्य. मांस नाही. वाढ खुंटलेली.' पहिला आला कचरू गवळ्याचा कोंबडा.

त्या दिवशी वामनराव बद्रीनाथशेठांच्या पेढीवर जाऊन जे बोलले ते मोंढ्यातल्या हमालांनी काम थांबवून ऐकलं. शेठ शांत होते. "वामनरावजी, तुमचा चिमणा छान आहे. पण कोंबडा कोंबडा आहे."

"चिमणा न्हाई तो!"

"बोलतो का?" शेठनी विचारलं.

पुढच्या वर्षी वामनरावांनी प्रदर्शनाला पाखरू नेलं नाही, स्वतःला नेलं. मांडवाच्या दाराशी उभे राहून ते येणाऱ्या जाणाऱ्याला समितीबद्दल सांगत. शेवटी कंटाळून की कीव येऊन, एकोणसाठ सालच्या माघातल्या प्रदर्शनासाठी समितीनं नवा वर्ग काढला : 'शौकाचे पक्षी'. आणि परीक्षक बोलावले हैदराबादेचे, जहांगीर अली साहेब. ज्यांच्या गच्चीवर दीडशे बजरी आहेत, ज्यांनी कलकत्त्याला जाऊन प्रदर्शनं पाहिली आहेत, असे.

ही बातमी ऐकून वामनराव ओसरीवर बसून राहिले. रागवायला काहीच सापडेना, म्हणून त्यांना चमत्कारिक वाटू लागलं. दहा वर्षं त्यांनी एक पाखरू घडवलं होतं, आणि ते बरोबर घडलंय की चुकलंय हे सांगू शकेल असा एक माणूस त्यांना आजवर भेटला नव्हता. रमाबाई नाही, महेमूद नाही, जालना नाही. भिंतीवरचं चित्र काही बोलत नव्हतं. आता एक जाणता डोळा येणार होता. बक्षीस मिळो न मिळो. त्यानं फक्त बघून म्हणावं की हे डोकं असं असतं, ही पाठ अशी असते. एकदा म्हणावं.

पाखरू होतं निळोबा. दोन वर्षांचा नर, नाकावरची कातडी गडद निळी, आणि अंगाचा रंग, रमाबाईंच्या शब्दांत, "नीळ घातलेल्या धोतरासारखा, पण तुमच्या न्हाई, चांगल्या धोतरासारखा." त्याला प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात बसायची सवय लावायची होती. महेमूदमियाँनी बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचा पिंजरा करून दिला, तीन बाजूंनी बंद, पुढून जाळी. वामनराव रोज त्याच्यासमोर काळा कोट घालून, पेन्सिल घेऊन परीक्षक होत. पेन्सिल जाळीतून आत घालून ते त्याच्या पोटाला लावत, "हं!" म्हणत, मान वाकडी करून बघत. पहिल्यांदा निळोबा तडफडे. महिन्याभरात तो असा बसू लागला की परीक्षकाचाच त्याला कंटाळा आलेला दिसे. पिसांना चकाकी यावी म्हणून रोज पहाटे त्याच्यावर पाण्याचे तुषार उडवायचे. त्यासाठी वामनरावांनी लग्नातली चांदीची गुलाबदाणी काढली.

"माझ्या लग्नातली हाय ती," रमाबाई म्हणाल्या.

"माझंबी तेच लग्न होतं."

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी वामनरावांना निळोबाच्या गळ्यावर सातवा ठिपका दिसला. एक चुकार काळं पीस, मधल्या दोघांच्या बरोबर मध्ये. असं जास्तीचं पीस उपटायचं असतं, विलायतेतही उपटतात. त्यांनी चिमटा आणला, पाखरू मुठीत धरलं आणि पीस ओढलं. निळोबा किंचाळला. पिसाच्या मुळाशी रक्ताचा बारीक थेंब आला, मोहरीएवढा.

"अहो, रक्त!" रमाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

"काही न्हाई होत. तुम्ही मधी बोलू नका." वामनरावांनी निळोबाला पिंजऱ्यात सोडलं आणि दाराची कडी नीट करायला दिलेला प्रदर्शनाचा पिंजरा आणायला महेमूदमियाँकडे गेले. परत आले तेव्हा रमाबाई पिंजऱ्यापाशी उभ्या होत्या आणि पदराला हात पुसत होत्या. वामनरावांच्या डोक्यात उद्याचे विचार. त्यांनी विचारलं नाही, रमाबाईंनी सांगितलं नाही. ज्या घरात दर गोष्टीवर भांडण होतं तिथे नेमकी एखादी गोष्ट अशी राहून जाते.

पहाटे कंदिलाच्या उजेडात त्यांनी निळोबावर गुलाबदाणीनं शेवटचे तुषार उडवले. त्या उजेडात सगळंच पिवळट दिसत होतं, भिंत, धोतर, स्वतःचे हात. त्यांनी पाखराला प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात घातलं, वर कापड टाकलं, आणि टांग्यात मांडीवर घेऊन निघाले. शेजारी महेमूदमियाँ. त्यांच्याही मांडीवर पिंजरा होता. त्यात त्यांचा हिरवा नर, निळोबाचाच सख्खा भाऊ. हिरवा निघाला म्हणून वामनरावांनी पिल्लू असताना देऊन टाकलेला.

"हा कशाला आणला?" वामनराव खेकसले.

"हवा खाने. आप को क्या?"

प्रदर्शनाचा नियम होता की पिंजरा समितीच्या माणसाकडे द्यायचा आणि परीक्षण संपेपर्यंत मालकांनी दोराच्या बाहेर थांबायचं. दोर बैलांचाच होता. वामनराव त्याला धरून उभे राहिले. पलीकडे टेबलावर पिंजरे मांडले गेले, कापडं निघाली, पण तोंडं परीक्षकांकडे होती आणि वामनरावांना दिसत होती ती निळोबाच्या पिंजऱ्याची पत्र्याची पाठ, तिच्यावरचं बिस्किटं खाणाऱ्या बाळाचं चित्र.

जहांगीर अली साहेब आले. उंच, शेरवानीतले, तोंडात पान, आणि हातात चांदीची छोटी चुनादाणी. पोपटांपुढून ते नुसते चालत गेले. मैनेला त्यांनी सलाम केला. तितराच्या मालकाला म्हणाले, "खाने की चीज है, मियाँ, दिखाने की नईं." वामनरावांना पटलं. हा माणूस खरा होता.

साहेब निळोबाच्या पिंजऱ्यासमोर आले आणि थबकले. खाली वाकले. चष्मा काढला, पुसला, लावला. पेन्सिल आत घातली. वामनरावांना ठाऊक होतं, आत निळोबा खांबासारखा बसलाय.

"या अल्लाह," साहेब म्हणाले.

वामनरावांनी दोर घट्ट धरला.

"पीला!" साहेब ओरडले. "शेठ साब, देखो! पीला चेहरा, नीला बदन! पूरे हिंदुस्तान में किसी के पास नईं! विलायत में होता बोल के सुना था मैं. यहाँ, जालने में!"

बद्रीनाथशेठ वाकले. समिती वाकली. "पिवळं आहे खरं," शेठ म्हणाले, आणि आपण हे आधीच ओळखलं होतं असा चेहरा केला.

"अव्वल!" साहेब म्हणाले. "दूसरा देखने की जरूरतच नईं. ऐसा रंग! ये रंग!"

वामनराव ऐकत होते. रंग. रंगच. डोक्याबद्दल एक शब्द नाही, पाठीबद्दल नाही. आणि पिवळा? ह्या माणसाला पांढरा आणि पिवळा कळत नाही? दहा वर्षं वाट पाहिली ती ह्याची? ते साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असे बोलले, "पिवळा कुठला? पांढरा हाय तो! डोळे हायेत का भोकं?"

मांडवातल्या माना वळल्या. आपल्याच पाखराला पहिला नंबर मिळाला म्हणून भांडणारा माणूस बैलबाजारानंही कधी पाहिला नव्हता.

"कौन है ये?" साहेबांनी विचारलं.

"मालक आहेत," शेठ कष्टानं म्हणाले.

"मालिक को अपने परिंदे का रंग नईं मालूम?"

"मला न्हाई मालूम?" वामनराव दोराखालून आत घुसले. "त्याच्या आज्याच्या आज्यापासून मालूम हाय मला! पांढरं तोंड हाय त्याचं, बगळ्यासारखं..." आणि ते टेबलाच्या पुढच्या बाजूला आले.

निळोबानं त्यांच्याकडे पाहिलं. कपाळापासून गळ्यापर्यंत तो पिवळाधमक होता. उत्तम, सारखा, कडेपर्यंत चढलेला पिवळा. अन् त्या पिवळ्याला एक वास होता. तो वामनरावांनी लग्नापासून रोज दोन वेळा जेवणात घेतला होता.

रमाबाईंचा पदर आणि पुसलेला हात त्यांना आठवला. त्यानंतर गुलाबदाणी आठवली. कोरडी हळद गळ्यावर राहिली असती तर पहाटे झटकली तरी गेली असती. तिला पाणी त्यांनी स्वतः पाजलं होतं, चांदीच्या भांड्यातनं, आणि ओल्या पाखरानं डोकं घासून घासून ती कपाळापर्यंत चढवली होती.

मागून महेमूदमियाँ दोरावर ओणवून पुटपुटले, "वामनराव. चुप. अव्वल है. कप ले लो और घर चलो, बस."

वामनराव गप्प राहिले असते तर काय झालं असतं, हे जालन्यात पुढे पुष्कळ दिवस बोललं गेलं. साहेबांनी हैदराबादेला तार केली असती, फोटो निघाला असता. वामनरावांनी हा सगळा विचार केला असेल असं वाटत नाही. त्यांना फक्त एवढंच दिसत होतं की गळ्यावर सहा ठिपके आहेत, बरोबर सहा, सारखे, मण्यांसारखे, आणि त्यांच्याकडे कोणीही बघत नाहीये. सगळे फोडणीकडे बघतायत.

"हळद हाय ही," ते म्हणाले.

"क्या?"

"हल्दी! जेवणातली!"

साहेब हसले. "हल्दी का रंग मैं नईं पहचानता? बीस बरस से..."

वामनरावांनी साहेबांच्या हातातली चुनादाणी घेतली. विचारली नाही, घेतली. बोट चुन्यात बुडवलं, पिंजऱ्याचं दार उघडलं आणि निळोबाच्या कपाळावरून ओलं बोट फिरवलं. निळोबा हलला नाही. त्याला असल्या माणसांची सवय होती.

पिवळ्याचं लाल झालं. आधी एक रेघ, मग पसरत भुवईपर्यंत. बघता बघता निळोबाच्या कपाळी ठसठशीत कुंकू उमटलं.

हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे तिथल्या प्रत्येक बाईनं घरी करून पाहिलेलं होतं. मागच्या रांगेतून एकजण म्हणाली, "अगं बाई, सवाष्ण हाय की." आणि सगळा मांडव हसायला लागला. बैलवाले हसले, तितरवाला तर खाली बसून हसला. वामनरावांनी धोतराचा सोगा टेबलावरच्या लोट्यातल्या पाण्यात बुडवला आणि चुना डोळ्यात जाऊ नये म्हणून निळोबाचं कपाळ टिपत राहिले. चुना निघाला. लाली राहिली.

जहांगीर अली साहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग निळोबाच्या कपाळापेक्षा लाल झाला. ते पुन्हा पिंजऱ्याकडे वाकले. आता बघायला रंग उरला नव्हता, म्हणून त्यांनी पाखरू पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ताठ उभे राहिले आणि वामनरावांवर असे कडाडले की शेजारच्या मांडवात म्हशी उठल्या.

"जालिम! शर्म नईं आती तुम को? पूरे दकन में ऐसा सर नईं देखा मैं! ऐसी पीठ, जैसे पट्टी रख के लकीर खींचे! गले के दाने देखो, छे के छे गोल, मोती के माफक! अल्लाह तुम्हारे हाथ से ऐसा परिंदा बनवाया, और तुम उस पे हल्दी डाले? सालन समझे क्या इस को? ये परिंदा कलकत्ते में अव्वल आता, और तुम, तुम मसाला लगा के बैलों में ले के आए! निकलो! सूरत नक्को दिखाओ!"

वामनराव निघाले नाहीत. धोतराचा ओला सोगा हातात धरून ते ऐकत राहिले.

बद्रीनाथशेठनी नियम काढले. पक्ष्यांना रंगवण्याबद्दल नियम नव्हता, पण बैलांचा एक होता : शिंगांना वा अंगाला रंग लावलेलं जनावर बाद. शेठनी तो मोठ्यानं वाचला, आणि निळोबा त्या नियमानं बाद झाला. पहिला नंबर महेमूदमियाँच्या हिरव्याला गेला. त्याच्याही गळ्यावर बऱ्यापैकी ठिपके होते. कुठून आले ते वामनरावांना ठाऊक होतं.

परतीच्या टांग्यात दोघे समोरासमोर बसले. महेमूदमियाँच्या मांडीवर पिंजरा आणि पिंजऱ्यावर कप. टांगा मोती तलावाशी आला.

"क्या बोले वो?" वामनराव एकदम म्हणाले.

"कौन?"

"कौन काय कौन! सर का, म्हंजे डोक्याचं, काय म्हणाले? बराबर सांगा."

"आप वहीं तो थे."

"मी रागात होतो. सांगा."

महेमूदमियाँनी सांगितलं. वामनरावांनी मधेच थांबवलं. "'पट्टी रख के' म्हणाले की 'पट्टी लगा के'?"

"रख के."

"मंग 'जालिम' आधी का नंतर?"

"आधी. वामनराव, वो आप को गालियाँ दे रहा था."

"गालियाँ मलाबी समजतात! पुन्हा सांगा. सरपासून."

कादराबादेच्या वेशीपर्यंत महेमूदमियाँनी त्या शिव्या चार वेळा म्हटल्या, आणि शेवटच्या वेळी टांगेवाल्यानंही साथ दिली. तरी उतरताना वामनराव कपाकडे बघून म्हणालेच, "माझ्या मडक्यातला हाय तो. हिरवा म्हणून दिला. जास्त मिरवू नका."

घरी रमाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पिंजऱ्यावरचं कापड उचललं, लाल कपाळ पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"हळद कोणी लावली?" वामनराव गरजले.

"मी लावली. रक्त आल्तं त्याला."

"दहा वर्षं! दहा वर्षं मी ह्याच्यासाठी..."

"दहा वर्षं मी कोंडा झाडून राह्यले!" रमाबाईंचा आवाज त्यांच्या वर गेला. "तुम्ही चिमट्यानं त्याचं पीस उपटलं अन् निघून गेले. ते थरथर कापत होतं. रक्त आलं की हळद लावतात. पोरांना लावली, तुमचं बोट कापलं तव्हा तुम्हाला लावली. ह्याला काय लावायचं होतं मंग, बुक्का?"

वामनरावांना आणखी राग आला. ते ओसरीच्या कडेला बसले. जोडा काढला, पुन्हा घातला.

"काय म्हणाले परीक्षक?" रमाबाईंनी खालच्या आवाजात विचारलं. "लई बोलले का?"

"बोलले. सगळ्या मांडवासमोर. जालिम म्हणाले मला. निकलो म्हणाले."

"अन्?"

वामनरावांनी भिंतीकडे पाहत सांगितलं. पूर्ण दकनमध्ये असं डोकं नाही. पट्टी ठेवून रेघ मारावी अशी पाठ. सहाच्या सहा दाणे गोल, मोत्यासारखे. कलकत्त्याला पहिला आला असता. ते अगदी साहेबांच्या रागात सांगत होते, एक शब्दही मऊ न करता.

रमाबाई पिंजऱ्याशी आल्या. मग वाकून त्यांनी पिंजऱ्यात पाहिलं. इतक्या वर्षांत त्या पाखराच्या गळ्याकडे त्यांनी कामापुरतंच पाहिलं होतं.

तेवढ्यात साळूबाई कुंपणाशी आल्या. प्रदर्शनातली बातमी त्यांच्याकडे टांग्याच्या आधी पोचली होती. त्यांनी पिंजऱ्यात डोकावलं, कुंकू पाहिलं, मान हलवली, आणि मग जुन्या सवयीनं विचारलं, "काय हो, आता तरी बोलतो का?"

वामनरावांनी ओरडायला तोंड उघडलं. पण आवाज दुसराच आला.

"न्हाई बोलत!" रमाबाई कडाडल्या. "दहा वर्षं सांगून राह्यलो न्हाई बोलत, तरी तेच! कान दिले ना देवानं? डोकं बघा त्याचं. पाठ बघा. गळ्यावरचे ठिपके मोजा! बोलतो का म्हणे!"

साळूबाई दचकल्या. मग खरोखरच वाकल्या आणि जाळीला नाक लावून, बोटानं हवेत मोजू लागल्या.

"एक... दोन... तीन... चार. चार हायेत."

"गालाखालचे दोन राह्यले," वामनराव बसल्या जागेवरून खेकसले. "नीट मोजा."